रावळपिंडीचे बारा सोबती

युद्धांचा इतिहास बहुधा दोन प्रकारच्या माणसांभोवती गुंफलेला असतो. एक विजयी होऊन परतलेले आणि दुसरे रणांगणावर कामी आलेले. पहिल्यांच्या गळ्यात हार पडतात, दुसऱ्यांच्या नावाने स्मारके उभी राहतात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग असतो आणि तो युद्धकैद्यांचा. ते मेलेले नसतात, पण घरच्यांना तसे खात्रीने सांगणारेही कोणी नसते. ते परत आले तरी त्यांच्या वाट्याला मिरवणुकीपेक्षा चौकशीच अधिक येते. शस्त्र खाली ठेवलेल्या सैनिकाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी जरा चमत्कारिकच असते. म्हणूनच की काय, युद्धकैद्यांच्या आठवणी आपल्या मराठी वाङ्मयात फार थोड्या आहेत आणि त्या कैदेत जडलेल्या स्नेहसंबंधांकडे तर आपले लक्ष क्वचितच गेले आहे.

आमचा यवतमाळ जिल्हा कोणत्याही सीमेपासून शेकडो मैल दूर. डिसेंबर १९७१ चे युद्ध पुसद, वणी, दारव्ह्याच्या घरांत आले ते आकाशवाणीच्या बातम्यांतून आणि नागपूरच्या वर्तमानपत्रांतून. ढाक्याच्या शरणागतीची वार्ता सर्वांच्या स्मरणात राहिली. सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक व नागरिक आपल्या ताब्यात आले, हा आकडाही पाठ झाला. पण त्याच वेळी आपलेही काही जण शत्रूच्या कोठडीत होते, ही गोष्ट मात्र विजयाच्या जल्लोषात मागे पडली. त्यांपैकी रावळपिंडीच्या छावणीतील हवाईदलाच्या बारा अधिकाऱ्यांची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्यांत पुण्याचे एक मराठी वैमानिक अग्रभागी होते, आणि ख्रिस्ती वाचकांच्या मनाला भिडतील अशा काही गोष्टीही या हकीकतीत आहेत.

आधीच्या पिढ्यांची कैद

महाराष्ट्राला युद्धकैद नवी नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडलेले सैन्य ‘सहावी पुणे डिव्हिजन’ या नावाने ओळखले जात असे, आणि तीत मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याने उपासमारीने खंगून शरणागती पत्करली. त्यानंतरच्या वाळवंटातील वाटचालीत आणि तुर्की छावण्यांत हजारो शिपाई मरण पावले. त्यांतील बहुतेकांना लिहिता येत नव्हते, त्यामुळे त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पकडले गेलेले अनेक हिंदी अधिकारी इटलीतील छावण्यांत एकत्र राहिले. त्यांत पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले कुमारमंगलम होते आणि पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले याह्याखानही होते. एकाच तारेच्या कुंपणाआड राहिलेली ही माणसे फाळणीनंतर दोन देशांच्या सैन्यांत विभागली गेली. १९७१ च्या युद्धात ज्यांच्या हुकुमतीखाली भारतीय कैदी धरले गेले, ते याह्याखान स्वतः एकेकाळी युद्धकैदी होते, हा दैवदुर्विलास नोंदण्याजोगा आहे.

१९६२ च्या चिनी आक्रमणात सातव्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे विद्यार्थी. ते २२ ऑक्टोबर १९६२ रोजी पकडले गेले आणि मे १९६३ मध्ये परतले. कैदेत मनात घोळलेल्या विचारांतून त्यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ हे १९६९ चे गाजलेले पुस्तक जन्मास आले.

त्याच्याही आधीचे वर्ष, म्हणजे डिसेंबर १९६१, गोमंतकाच्या मुक्तीचे. त्या वेळी कैदी पोर्तुगीज होते आणि पहारेकरी आपण होतो. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक गोव्यातील छावण्यांत मे १९६२ पर्यंत राहिले, कारण सालाझार यांना शरण आलेल्या आपल्याच सैनिकांचे तोंडही पाहावयाचे नव्हते. मार्चमध्ये फोंड्याच्या छावणीतून काही कैद्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि प्रसंग फार विकोपाला गेला. तेव्हा फेरेरा दा सिल्व्हा नावाचे येशूसंघीय धर्मगुरू मध्ये पडले आणि रक्तपात टळला. मुरगावच्या बंदराबाहेर ‘अफोन्सो द आल्बुकर्क’ या युद्धनौकेचे कप्तान आरागाँव हे आपल्या नौदलाच्या तोफांनी जबर जखमी झाले होते. पणजीच्या इस्पितळात त्यांच्या समाचारास गेले ते ‘बेतवा’चे कप्तान गांधी, म्हणजे ज्यांनी त्यांच्यावर तोफा डागल्या होत्या तेच! गोव्याचे अखेरचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी संहार टाळून शरणागती पत्करली. त्याबद्दल मायदेशी त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा मान त्यांना परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्यास आले, तेव्हा गोवेकरांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. वैर संपले की माणूस माणसाला कसा ओळखू लागतो, याचे हे आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण आहे.

बारा जण

आता रावळपिंडीकडे वळू. ३ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळी पश्चिम आघाडीवर युद्धाला तोंड फुटले आणि पुढील दोन आठवड्यांत आपली अनेक विमाने शत्रूच्या प्रदेशात कोसळली. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांचे सुखोई-७ विमान १० डिसेंबर रोजी पडले. १९६५ च्या युद्धात हाताला गोळी लागूनही विमान परत आणणारे हेच पारुळकर. कधी शत्रूच्या हाती सापडलोच तर पळून येईन, असे त्यांनी पूर्वीच वरिष्ठांस सांगून ठेवले होते.

छावणीत जे जमा झाले ते असे : विंग कमांडर कोएल्हो, स्क्वाड्रन लीडर जफा आणि कामत, फ्लाइट लेफ्टनंट तेजवंतसिंग, ग्रेवाल, पारुळकर, भार्गव, चाटी, पेठिया आणि मुल्ला-फिरोज, आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी व कुरुविला. ही नावे एकापुढे एक वाचली तरी हिंदुस्थानचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. हिंदू, शीख, पारशी आणि ख्रिस्ती अशा निरनिराळ्या घरांतून ही मंडळी आलेली. घरी असती तर कदाचित एकमेकांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलीही नसती.

यांतील प्रत्येकाच्या पकडले जाण्याची एक स्वतंत्र कथा आहे. भार्गव सिंधच्या वाळवंटात उतरले. आपण पाकिस्तानी हवाईदलातील मन्सूर अली खान आहोत असे सांगून ते काही काळ गावकऱ्यांत वावरले, पण कलमा म्हणून दाखवण्याची वेळ आली आणि सोंग उघडे पडले. कामतांच्या पायांची हाडे मोडली होती. जफांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती. पेठियांना पकडणाऱ्यांनी इतकी अमानुष मारहाण केली की त्यांची प्रकृती कायमची ढासळली, आणि मे १९७२ मध्येच, इतरांच्या कितीतरी आधी, त्यांना मायदेशी धाडावे लागले.

आरंभीचे दिवस एकांतकोठडीचे होते. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार कैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. चौकशी करणाऱ्यांचे अर्थातच तेवढ्यावर समाधान होत नसे. शेजारच्या कोठडीत कोण आहे, आपला कोणता मित्र जिवंत आहे, हेही कळण्यास मार्ग नव्हता. अशा स्थितीत २५ डिसेंबर उजाडला. नाताळच्या त्या दिवशी छावणीतील कैद्यांना प्रथमच एकत्र आणण्यात आले. केक कापला गेला. सहकारी दृष्टीस पडले, ते जिवंत आहेत हे उमगले, आणि एकट्यादुकट्या कैद्यांचा एक समूह झाला. ख्रिस्तजयंतीचा सण शत्रूच्या तुरुंगात, मुसलमान अधिकाऱ्यांच्या सौजन्याने, बहुतांशी अख्रिस्ती कैद्यांनी साजरा करावा आणि तोच त्यांच्या आयुष्यभराच्या स्नेहाचा आरंभ ठरावा, यातील अर्थ वाचकांस वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही.

छप्पन्न विटा

वास्तविक युद्ध थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडले पाहिजे, असा जिनिव्हा कराराचाच दंडक आहे. पण कैदी हे वाटाघाटींतील नाणे बनले. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, तरी सुटकेचा दिवस नक्की होईना. पारुळकरांच्या मनातील जुना संकल्प उसळी घेऊ लागला. ग्रेवाल आणि सिंहजी त्यांना सामील झाले. सर्वांनाच हा बेत पसंत होता असे नाही. आज ना उद्या सुटका होणारच आहे, मग प्राण पणाला का लावावे, आणि तिघे पळाले तर मागे राहिलेल्यांचे काय, हे प्रश्न अगदी रास्त होते. या तरुणांनी त्यांचे उत्तर वादविवादाने दिले नाही. भिंतीवर हत्यार चालवून दिले, असे म्हणावे लागेल.

कोठडीची मागची भिंत विटांची होती. रात्री हाती लागेल त्या क्षुल्लक हत्याराने चुना उकरायचा, विटा सैल करायच्या, सकाळी सारे पूर्ववत दिसेल अशी तजवीज करायची. अशा छप्पन्न विटा निघाल्या. परंतु या साऱ्या प्रकरणात आमच्या मते अधिक मोलाचे आहे ते त्या तिघांच्या भोवती उभे राहिलेल्यांचे साहाय्य. कामतांचे पाय प्लास्टरमध्ये होते. ते पळणे शक्यच नव्हते. त्यांनी सुईला चुंबकत्व देऊन एक चिमुकले होकायंत्र तयार केले. जे होकायंत्र आपल्याला एक पाऊलही पुढे नेणार नाही ते दुसऱ्यासाठी घडवायचे, यापरती मैत्रीची दुसरी व्याख्या आम्हांस सुचत नाही. वैमानिकाच्या पोशाखातील हवेचे फुगे काढून पाण्याच्या पिशव्या झाल्या. शालेय नकाशावरून मार्ग आखला गेला. रेडक्रॉसमार्फत मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठवले गेले. पूर्वेची सीमा सैन्याने गजबजलेली, म्हणून त्यांनी पश्चिमेची वाट धरायचे ठरवले. पेशावर, तेथून खैबर खिंड आणि पलीकडे अफगाणिस्तान.

१२ ऑगस्ट १९७२ हा शनिवार. मध्यरात्रीच्या सुमारास धुळीचे वादळ सुटले आणि पहारेकरी आडोशाला गेले. तिघे भोकातून बाहेर पडले, भिंत ओलांडून रस्त्यावर आले, तो रात्रीचा सिनेमा सुटलेला. त्या गर्दीत ते मिसळून गेले. बसने पेशावर, तेथून जमरूद, तेथून लंडी कोतल असा प्रवास त्यांनी पहाटेपासून केला. रविवारी सकाळी दहाच्या आसपास अफगाण सीमा अवघी चार मैल उरली होती.

येथे नकाशाने घात केला. त्यात लंडी खाना नावाचे रेल्वेस्थानक दाखवले होते. सीमेच्या अगदी जवळ असलेले ते स्थानक इंग्रजांनी १९३२ मध्येच बंद केले होते. चाळीस वर्षांपूर्वी मिटलेल्या ठिकाणाची वाट विचारणारे हे परके तरुण लोकांच्या नजरेत भरले आणि तहसीलदाराच्या कचेरीतील माणसाने त्यांना हटकले.

आपण लाहोरचे, पाकिस्तानी हवाईदलातील आहोत, असे त्यांनी सांगितले. पारुळकर ‘फिलिप पीटर’ झाले, सिंहजी ‘हॅरॉल्ड जेकब’ झाले. ही ख्रिस्ती नावे त्यांनी का निवडली असावीत? कारण ती विश्वासार्ह होती. पाकिस्तानच्या हवाईदलात ख्रिस्ती अधिकारी होते आणि त्यांचा लौकिकही मोठा होता. मर्व्हिन मिडलकोट आणि पीटर क्रिस्टी हे याच युद्धात त्या देशासाठी लढताना कामी आले. सेसिल चौधरी हे दोन्ही युद्धांत गाजलेले वैमानिक. पुढे त्यांनी लाहोरच्या सेंट अँथनीज शाळेचे प्राचार्यपद सांभाळले आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी झटत २०१२ मध्ये देह ठेवला. सीमेच्या दोन्ही बाजूंस आपला समाज लहान आहे. पण दोन्ही बाजूंनी त्याने आपल्या देशाचे ऋण फेडले आहे, हे या खोट्या नावांच्या निमित्ताने स्मरते.

सोंग फार वेळ टिकणारे नव्हते. त्या मुलखात हेर समजून गोळी घातली जाण्याचे भय खरे होते. तेव्हा पारुळकरांना एक युक्ती सुचली. छावणीचे पूर्वीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हे आता पाकिस्तानी हवाईदलप्रमुखांचे एडीसी होते. त्यांना दूरध्वनी लावून देण्याची त्यांनी विनंती केली. आवाज ओळखताच उस्मान सारे समजले. ही आमचीच माणसे आहेत, त्यांना नीट सांभाळा, असे त्यांनी तहसीलदारास बजावले. त्यांनी आपल्या कर्तव्यात कसूर केली नाही, कैदी पुन्हा कैदेतच आले. पण तीन जीव वाचले. नाताळच्या केकपासून जुळलेला माणुसकीचा धागा खैबर खिंडीत असा उपयोगी पडला.

कैद्याने पळून जाण्याचा प्रयत्न करणे हा जिनिव्हा करारानुसार गुन्हा नव्हे. त्यासाठी फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि तीही तीस दिवसांपर्यंत. तिघांनी ती एकांतवासात भोगली. मागे राहिलेल्यांनाही सैल झालेले निर्बंध पुन्हा आवळलेले सोसावे लागले, आणि सर्वांची रवानगी लायलपूरच्या तुरुंगात झाली. मित्रांच्या धाडसाची किंमत त्यांनी मोजली, आणि पुढील आयुष्यात ती त्यांनी मित्रांच्या खात्यावर मांडली नाही. अखेर १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा येथे सर्वांनी मायभूमीवर पाय ठेवला.

स्मरणाचा वाटा

कैदेत जडलेल्या मैत्रीला एक आगळेपण असते. सैन्यात हुद्द्याची उतरंड असते, संसारात नात्यांची. कोठडीत माणूस या दोहोंवाचून उघडा पडतो. दुसऱ्याची भीती, त्याचे रात्रीचे कण्हणे, त्याचा विनोद आणि त्याचा हावरटपणाही सोबत्यांनी पाहिलेला असतो. त्यामुळे पुढे त्यांच्यापाशी मोठेपणाचा आव आणण्याची सोय राहत नाही. घरच्यांना सांगून कळणार नाही ते या सोबत्यांना न सांगता कळते.

या बाराजणांच्या आठवणी दीर्घकाळ त्यांच्या आपापसातच राहिल्या. कॅनडातील लेखिका फेथ जॉन्स्टन यांनी त्या गोळा करून २०१३ मध्ये इंग्रजी पुस्तक सिद्ध केले. जफांनीही आपले कैदेचे अनुभव लिहिले. २०१९ मध्ये या पलायनावर हिंदी चित्रपट निघाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले, तेव्हा साऱ्या देशाला या वृद्ध वैमानिकांचे स्मरण झाले. अभिनंदन साठ तासांत परतले. या मंडळींना वर्ष लागले होते. ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले पारुळकर पुण्यास स्थायिक झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेथेच निवर्तले.

मात्र परतलेल्यांची ही कथा सांगताना न परतलेल्यांना विसरणे हा अन्याय होईल. पारुळकरांच्या पाच दिवस आधी, ५ डिसेंबर १९७१ रोजी, त्याच जातीच्या विमानातून गेलेले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हेही मराठीच. ते पकडले गेल्याचे सूचित करणारे वृत्त पूर्व पाकिस्तानातील वर्तमानपत्रात आले होते. पण वाघ्याला उतरलेल्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू. विवाहाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी उभे आयुष्य शोधात घालवले. असे एकंदर ५४ सैनिक ‘बेपत्ता’ म्हणून नोंदले गेले. मृत ठरवलेल्या मेजर अशोक सुरी यांच्या हस्ताक्षरातील पत्रे १९७४-७५ मध्ये त्यांच्या वडिलांच्या हाती पडली होती. जून २००७ मध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानचे तुरुंग पाहून आले आणि रिकाम्या हाती परतले. असे कोणी कैदी आपल्याकडे नाहीत, हीच पाकिस्तानची भूमिका राहिली.

ज्यांच्यासाठी कामतांचे होकायंत्र घडले नाही, ज्यांच्या नाताळच्या दिवशी कोणी दार उघडले नाही, असे हे सोबती. परतलेल्या बाराजणांची मैत्री अविस्मरणीय ठरली, कारण ते एकमेकांच्या जिवंतपणाचे साक्षीदार होते. या ५४ जणांना तशी साक्ष देणारा एकही सोबती मिळाला नाही. बंदिवानाचा समाचार घेणे हे आपल्या धर्मशिकवणुकीत दयेच्या कृत्यांपैकी एक मानले आहे. जेथे भेट शक्य नाही तेथे नाव घेणे तरी शक्य असते. डिसेंबर महिन्यात युद्धातील विजयाचे स्मरण होते आणि त्याच महिन्यात नाताळही येतो. त्या दिवसांत आपल्या घरांतून आणि प्रार्थनासभांतून या परतलेल्यांची आणि न परतलेल्यांचीही नावे एकदा उच्चारली जावीत, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.